लुसिया : उजेडाच्या नावाची वाटचाल

गेल्या आगमनकाळात आम्ही आमच्या धर्मग्रामातील एका परिचित कुटुंबाकडे गेलो होतो. घरात पाच आठवड्यांची नात पाळण्यात होती. बाप्तिस्म्याची तारीख ठरली होती, धर्मपिता आणि धर्ममाताही ठरली होती. घोडे अडले होते ते नावापाशी. बाळाच्या वडिलांची इच्छा अशी की, आपल्या आईचे नाव नातीला द्यावे. आईचे नाव लुसिया. सूनबाईंना ते पटत नव्हते. त्या काही उद्धटपणे बोलल्या नाहीत, पण मनातले स्पष्ट बोलल्या : "पोर्तुगीजांचे नाव आहे ते. शाळेत मुले हसतील. आणि त्याचा अर्थ तरी काय?" सर्वांच्या नजरा खाटेवर बसलेल्या आजीबाईंकडे वळल्या. त्या म्हणाल्या, "मला तरी कुठे ठाऊक आहे, बाय? सत्तर वर्षे लोक हाक मारतात आणि मी ओ देते."

त्या उत्तराने आम्ही अस्वस्थ झालो. सत्तर वर्षे एक बाई एक नाव वागवते, त्या नावाने तिचा बाप्तिस्मा होतो, लग्न होते, उद्या त्याच नावाने तिच्यासाठी मिस्सा अर्पण होईल. आणि त्या नावात काय दडले आहे हे तिला कोणी कधी सांगितलेले नसते. दोष तिचा नव्हे. ज्यांना चार पुस्तके चाळायची सवड मिळाली त्या आमच्यासारख्यांचा आहे. हा लेख म्हणजे त्या राहून गेलेल्या उत्तराची उशिरा केलेली फेड होय.

बापाचे नाव, मुलीचे नाव

पहिली गोष्ट ही की, लुसिया हे नाव पोर्तुगीजांचे नव्हे. पोर्तुगालचे राज्य बाराव्या शतकात उदयास आले. हे नाव त्याहून हजार वर्षांनी तरी जुने आहे. ते लॅटिन आहे. लॅटिन भाषेत 'लुक्स' म्हणजे उजेड. त्यावरून पुरुषाचे नाव 'लुसियुस' आणि स्त्रीचे 'लुसिया'. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातील रोमन पंडित वार्रो याने नोंदवून ठेवले आहे की, जो उजाडताना जन्मला त्याला लुसियुस म्हणत. रोमन लोकांच्या नावांचा साठा फार तोकडा होता. पुरुषांची पहिली नावे अवघी अठरा-वीस प्रचारात होती आणि शिलालेखांत ती एकदोन अक्षरांवर भागवली जात. लुसियुसला नुसता 'एल' पुरे होई.

स्त्रियांची स्थिती याहूनही चमत्कारिक होती. प्रजासत्ताकाच्या उत्तरकाळापर्यंत रोमन मुलीला स्वतःचे असे नाव बहुधा उरलेच नव्हते. बापाच्या कुळाचे नाव स्त्रीलिंगी केले की झाले मुलीचे नाव! ज्युलियस सीझरचेच घर पाहा. त्याच्या दोन बहिणी, दोघींचे नाव ज्युलिया. त्याची आत्या ज्युलिया आणि मुलगीही ज्युलियाच. सिसेरो हा तुल्लियुस कुळातला, म्हणून त्याची लाडकी लेक तुल्लिया. घरात दोघी असल्या तर थोरली आणि धाकटी म्हणायचे. तिसरी आली तर तिला 'तिसरी' म्हणायचे. नाव हे त्या मुलीची ओळख नसून ती कोणाच्या घरची याची खूण होती. पुढे साम्राज्याच्या काळात ही रीत सैल झाली आणि लुसिया हे नाव मुलींना स्वतंत्रपणे मिळू लागले. तरीही नावामागे उभा असलेला पुरुष लुसियुस लोकांच्या मनातून गेला नव्हता.

मात्र उजेडाचे नाते रोमन लोकांनी स्त्रीशी अगदी वेगळ्या जागी जोडले होते. प्रसूतिवेणांत असलेली स्त्री ज्या देवतेचा धावा करी, तिला ते 'लुसिना' म्हणत. बाळाला अंधारातून उजेडात आणणारी ती लुसिना. नाव त्याच धातूतून आलेले आहे. ख्रिस्ती धर्म रोमन जगात आला तेव्हा भाषेच्या या वळचणीला ही जुनी समजूत तशीच पडून होती.

रुची, लोचन आणि लुक्स

सूनबाईंचा खरा आक्षेप 'परके नाव' हा होता. त्याचे उत्तर देण्यासाठी आम्हांस रोमहून थेट गोव्यात यावे लागते, आणि त्याचे कारण फादर थॉमस स्टीफन्स आहेत.

'ख्रिस्तपुराणा'चे कर्ते म्हणून स्टीफन्स मराठी वाचकांस परिचित आहेत. हा इंग्रज येशूसंघीय धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यास आला, साष्टीत राहिला, इथली भाषा शिकला आणि १६१६ मध्ये मराठी ओवीत रचलेला आपला ग्रंथ त्याने छापून प्रसिद्ध केला. या ग्रंथाच्या बऱ्याच आधी, १५८३ मध्ये, त्याने आपल्या भावास एक पत्र लिहिले. इथल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिन यांच्या घडणीशी मिळतीजुळती आहे, हे आपले निरीक्षण त्याने त्या पत्रात कळवले. सर विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एका मूळ भाषेच्या लेकी असाव्यात असे कलकत्त्याच्या सभेत सांगितले ते १७८६ साली. स्टीफन्सचे पत्र त्याच्या दोनशे वर्षे आधीचे. मराठीवर जीव लावणाऱ्या या धर्मगुरूच्या कानाने जे टिपले, ते विद्वानांच्या सभेत पोचायला दोन शतके लागली.

भाषाशास्त्राने पुढे जे सिद्ध केले त्यात आमचे नावही येते. लॅटिन 'लुक्स' आणि संस्कृत 'रुच्' हे एकाच मुळाचे फुटवे आहेत. तिकडे 'ल' राहिला, इकडे 'र' झाला. रुच् म्हणजे प्रकाशणे, शोभणे. त्यावरून रोचना, रुचिरा ही नावे आली. जे शोभते ते मनाला आवडते, म्हणून आपल्या जेवणातली 'रुची'सुद्धा याच घरची. काही शब्दांत संस्कृतनेही 'ल' राखला आणि त्यातून आला 'लोचन', म्हणजे डोळा. तेव्हा लुसिया आणि रोचना या दूरदेशी वाढलेल्या, पण एका आजीच्या नाती आहेत. एकीला स्वदेशी आणि दुसरीला परदेशी म्हणताना जरा थांबावे, एवढेच आमचे म्हणणे. लोचन हा शब्द मात्र वाचकांनी ध्यानात ठेवावा. त्याच्याकडे आम्हांस परत यायचे आहे.

सिराक्यूजची मुलगी

नाव कितीही सुंदर असले तरी ते अजरामर होते ते कोणीतरी ते जगल्यामुळे. हे नाव जगलेली मुलगी सिसिली बेटावरील सिराक्यूज नगरात होऊन गेली. हे नगर ग्रीक लोकांनी इसवी सनापूर्वी आठव्या शतकात वसवले. आर्किमिडीज इथलाच. इसवी सनापूर्वी २१२ मध्ये रोमन सैन्याने नगर घेतले तेव्हाच्या कत्तलीत तो मारला गेला. रोमकडे बंदिवान म्हणून नेले जात असताना संत पौल इथे तीन दिवस थांबले होते, असे प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात आपण वाचतो. राज्य रोमचे झाले तरी नगराची बोली शतकानुशतके ग्रीकच राहिली. लुसियाच्या घरातही हा संगम दिसतो. परंपरेने तिच्या आईचे नाव एव्तिखिया असे सांगितले आहे. ते ग्रीक आहे, अर्थ सुदैव. मुलीचे नाव मात्र लॅटिन.

सम्राट डायोक्लेशियनने इसवी सन ३०३ मध्ये ख्रिस्ती लोकांविरुद्ध पहिले फर्मान काढले. ३०४ मध्ये सर्व प्रजेने देवतांना बळी अर्पण करावे असा हुकूम सुटला. त्याच वर्षी १३ डिसेंबर रोजी लुसिया रक्तसाक्षी झाली, असे ख्रिस्तसभा मानत आली आहे.

तिची कथा ज्या चरित्रांतून आपल्याला मिळते ती तिच्या मृत्यूनंतर शतक-दोन शतकांनी लिहिली गेली. कथा अशी : आईला रक्तस्रावाचा जुना विकार होता. मायलेकी कतानिया नगरी संत अगाथाच्या कबरीपाशी गेल्या. अगाथा ही त्यापूर्वी सुमारे अर्धशतक रक्तसाक्षी झालेली. तिथे लुसियाला स्वप्नात अगाथाने दर्शन दिले आणि आई बरी झाली. परतल्यावर लुसियाने आपल्या हुंड्याची रक्कम गोरगरिबांस वाटायला काढली. हुंडा हातचा जातो हे पाहून ज्याच्याशी लग्न ठरले होते त्याने न्यायाधीश पास्कासियुसकडे चुगली केली. ही ख्रिस्ती आहे, असे त्याने सांगितले. न्यायाधीशाने तिला वेश्यागृहात पाठवण्याची धमकी दिली. माणसांनी ओढली, बैलांनी ओढली, ती जागची हलली नाही. आगीने जळली नाही. अखेर गळ्यावर शस्त्र चालवून तिचा वध झाला.

यातले इतिहास किती आणि भक्तांच्या प्रेमाने घातलेली भर किती? हा प्रश्न विचारल्याने श्रद्धेला बाध येत नाही. सत्याला प्रश्नाचे भय नसते. बैलांची गोष्ट आम्ही कोणाच्या गळी उतरवू पाहत नाही. परंतु लुसिया ही निव्वळ कल्पना नव्हे, याची दगडावर कोरलेली साक्ष आहे. १८९४ मध्ये पुरातत्त्ववेत्ते पावलो ऑर्सी यांना सिराक्यूजच्या संत योहानाच्या भुयारी दफनभूमीत एक ग्रीक शिलालेख सापडला. तो इसवी सन ४०० च्या आगेमागे कोरलेला आहे. एव्स्किया नावाची एक तरुणी, वय सुमारे पंचवीस, ही आपल्या स्वामिनी लुसियाच्या सणाच्या दिवशी वारली, असे त्यात नमूद आहे. म्हणजे मृत्यूनंतर शंभर वर्षांच्या आत, तिच्याच गावात, तिचा सण पाळला जात होता आणि एक शोकाकुल घर आपल्या माणसाचे मरण त्या सणाने मोजत होते. आमच्या मते साऱ्या चरित्रांहून तो दगड बोलका आहे.

कथेतला एक प्रसंग मात्र आम्ही सोडणार नाही. वेश्यागृहाची धमकी ऐकून लुसियाने न्यायाधीशाला उत्तर दिले ते असे की, मनाने संमती दिल्यावाचून देह विटाळत नाही. हे शब्द तिचे असोत वा तिच्या चरित्रकाराने तिच्या मुखी घातलेले असोत, त्यांचे वजन केवढे! अत्याचार सोसलेल्या स्त्रीलाच दोष देण्याची रीत तेव्हाही होती आणि आजही गेलेली नाही. रोमची इसवी सन ४१० मध्ये लूट झाली तेव्हा अशाच दुर्दैवी स्त्रियांची बाजू संत ऑगस्टीनने मांडली. तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनास यांनी आपल्या महाग्रंथात हाच मुद्दा मांडताना लुसियाचे नाव घेऊन तिचे वचन प्रमाण म्हणून दिले. रोमच्या रीतीप्रमाणे जिचे नाव म्हणजे एका पुरुषाच्या नावाची सावली, तिला ख्रिस्तसभेचा महापंडित साक्षीला बोलावतो. नावाची मालकी बदलली ती इथे.

डोळे कुठून आले?

आपल्या घरातील तसबिरींत संत लुसियाच्या हाती तबक असते आणि तबकात दोन डोळे. तिने आपले डोळे काढून दिले किंवा ते छळ करणाऱ्यांनी काढले, अशा कथा आपण ऐकतो. या कथा प्राचीन चरित्रांत नाहीत. त्या मध्ययुगाच्या उत्तरार्धात प्रचारात आल्या. त्यांचा उगम नावात आहे. जिचे नाव उजेड, तिच्याकडे अंधारात चाचपडणारे लोक डोळ्यांसाठी येऊ लागले. तिच्यापुढे ठेवलेले डोळ्यांचे नवस चित्रकारांनी तिच्या हाती दिले असावेत आणि चित्र पाहून कथा रचली गेली असावी. 'लोचन' आणि 'लुक्स' यांचे मूळ एक, हे त्या साध्या भक्तांना कोण सांगणार होते? तरीही उजेड आणि डोळा यांची गाठ त्यांनी नेमकी बांधली.

कवी दान्ते हाही याच रांगेतला. अतिवाचनाने आपली दृष्टी अधू झाली होती, असे त्याने स्वतः लिहून ठेवले आहे. त्याच्या 'दिव्य सुखांतिके'त, अंधाऱ्या रानात वाट चुकलेल्या कवीच्या मदतीसाठी पवित्र मरिया प्रथम लुसियाला सांगते, लुसिया बेआत्रीचेकडे जाते आणि बेआत्रीचे कवी व्हर्जिलला धाडते. तीन स्त्रियांच्या हातून कृपा खाली उतरते आणि मधला हात लुसियाचा आहे.

सर्वांत लांब रात्र

१३ डिसेंबर या तारखेलाही एक इतिहास आहे. ज्युलियस सीझरने सुरू केलेले वर्ष खऱ्या सौरवर्षापेक्षा सुमारे अकरा मिनिटांनी मोठे होते. ही चूक साचत साचत सुमारे १२८ वर्षांनी एक दिवस होई. त्यामुळे तेराव्या-चौदाव्या शतकापर्यंत वर्षातील सर्वांत लहान दिवस मागे सरकत १३ डिसेंबरच्या आसपास येऊन ठेपला. उजेडाच्या नावाची संत आणि सर्वांत लांब रात्र एकत्र आली! पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ मध्ये दहा दिवस गाळून पंचांग सुधारले तेव्हा लहान दिवस पुन्हा २१-२२ डिसेंबरला गेला. पण लोकांच्या मनातील गाठ सुटली नाही. उत्तरेकडील स्वीडन देश सोळाव्या शतकात प्रॉटेस्टंट झाला, तेथील संतांचे सण मावळले. लुसियाचा मात्र टिकला. आजही तेथे १३ डिसेंबरला शुभ्र झगा घातलेली मुलगी डोक्यावर मेणबत्त्यांचा मुकुट घेऊन अंधारातून चालत येते.

तिच्या स्वतःच्या सिसिलीत या दिवशी पाव खात नाहीत. उकडलेल्या गव्हाचा 'कुच्चिया' नावाचा गोड पदार्थ करतात. १६४६ च्या दुष्काळात लोकांनी लुसियाचा धावा केला आणि गव्हाचे जहाज बंदराला लागले, अशी तिथली परंपरा आहे. दळायला धीर कुठला? भुकेल्यांनी गहू तसाच उकडून खाल्ला. त्या घासाची आठवण म्हणून हा नेम पाळला जातो. गव्हाची खीर ज्यांच्या घरी शिजते त्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

आपल्या किनाऱ्यावर

लॅटिनचा 'लुक्स' पोर्तुगीजमध्ये 'लूझ' झाला आणि लुसियाची 'लुझिया' झाली. पंडिती वळणाचे 'लुसिया' हे रूपही तेथे चालत राहिले. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे आली आणि १७३९ पर्यंत त्यांच्याकडे राहिली. याच काळात त्रेंतच्या धर्मपरिषदेनंतर १५६६ मध्ये निघालेल्या धर्मशिक्षणग्रंथाने, बाप्तिस्म्यात संताचे नाव द्यावे, म्हणजे त्याचे अनुकरण घडेल, असा उपदेश केला. इथे मात्र त्या उपदेशाबरोबर राज्यकर्त्यांची भाषा आणि आडनावेही आली. नव्या ख्रिस्ती माणसाचे जुने नाव मागे पडले. ती खंत आम्ही नाकारत नाही. सूनबाईंच्या बोलण्यात ती नकळत आली होती आणि तिचा मान राखलाच पाहिजे.

ख्रिस्तसभेनेही तो मान राखला आहे. १९१७ च्या धर्मसंहितेत, ख्रिस्ती नाव द्यावे आणि आईबापांनी दुसरेच नाव ठेवले तर त्यास एखाद्या संताचे नाव जोडून दोन्ही नावे नोंदवावीत, असा नियम होता. १९८३ च्या संहितेत एवढेच सांगितले आहे की, ख्रिस्ती भावनेशी विसंगत असे नाव देऊ नये. तेव्हा रोचना हे नाव ठेवण्यास धर्माची आडकाठी नाही. आडकाठी असलीच तर ती आपल्या अज्ञानाची आहे : रोचना निवडताना लुसिया 'परकी' म्हणून टाकावी लागते, या समजुतीची.

आणि हे नाव केवळ गतकाळाचे नाही. १९१७ मध्ये फातिमा येथे मरियामातेचे दर्शन झालेल्या तीन मुलांत थोरली, दहा वर्षांची, लुसिया होती. ती पुढे धर्मभगिनी झाली आणि २००५ मध्ये वयाच्या ९७ व्या वर्षी वारली. कॅरिबियन समुद्रातील 'सेंट लुसिया' हा देश १९७९ मध्ये स्वतंत्र झाला. जगाच्या नकाशावर स्त्रीचे नाव धारण करणारे देश विरळाच.

सर्वांत जवळची जागा मात्र आपली वेदी आहे. रोमन कॅनन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पहिल्या युखरिस्त प्रार्थनेत सात स्त्रियांची नावे ओळीने येतात : फेलिसिता, पर्पेतुआ, अगाथा, लुसिया, अग्नेस, सिसिलिया आणि अनास्तासिया. त्यांत एक गुलाम होती, एक तान्ह्या बाळाची आई होती, काही कोवळ्या मुली होत्या. ही नावे वगळण्याची मुभा असल्यामुळे ती दर वेळी कानी पडत नाहीत. आमची धर्मगुरूंना नम्र विनंती आहे की, निदान १३ डिसेंबरला ती सावकाश वाचावीत. खाली बसलेल्या एखाद्या आजीला आपले नाव वेदीवरून ऐकू येईल.

त्या घरी नातीचे नाव काय ठेवले, ते इथे सांगण्याचे आम्हांस प्रयोजन नाही. तो त्या आईबापांचा अधिकार. आम्ही परत गेलो ते आजीबाईंकडे. हा सारा इतिहास थोडक्यात त्यांना सांगितला. कतानियाच्या वाटेवरच्या मायलेकी त्यांना आवडल्या. बैलांची गोष्ट ऐकून त्या हसल्या. मग काही वेळ गप्प राहून त्यांनी विचारले, "म्हणजे उजेड?" आम्ही म्हटले, "होय, उजेड." त्या म्हणाल्या, "मोठ्या अक्षरांत लिहून द्या. डोळ्यांना आता बारीक दिसत नाही."

आम्ही मोठ्या अक्षरांत लिहून दिले.